समेवर वाजणारा कॅमेरा

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर महिन्यातून एकदा गाण्याची बैठक होते. पन्नास-साठ माणसे जाजमावर दाटीवाटीने बसतात, गाणारा आणि ऐकणारा यांच्यात फार तर दोन हातांचे अंतर असते आणि ध्वनिवर्धक लावायचा नाही, हा तिथला जुना दंडक आहे. २०११ सालच्या पावसाळ्यात या बैठकीचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले. मानधन म्हणून मध्यंतरातला चहा आणि पुढच्या रांगेच्या टोकाची एक जागा ठरली होती, आणि माझ्या दृष्टीने तो व्यवहार फायद्याचाच होता. पहिल्या दिवशी मी उत्साहाने डीएसएलआर, म्हणजे पोटात आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, घेऊन बसले. तानपुरे जुळले, गायकाने डोळे मिटून षड्ज लावला, आणि तो खोलीत स्थिरावत असतानाच माझ्या हातातून ‘खटॅक्’ असा आवाज निघाला. गायकाने डोळे उघडले नाहीत, पण त्याची एक भुवई हलली. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मात्र सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिले. पुण्यात अशा नजरेचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

मध्यंतरापर्यंत कॅमेरा मांडीवर ठेवून मी नुसते गाणे ऐकले. घरी आल्यावर मात्र त्या आवाजाची रीतसर चौकशी केली, कारण यंत्रांची चौकशी करणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. भोसरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी मायक्रोमीटर आणि डायल गेज यांच्या संगतीत नोकरीची पंचवीस वर्षे काढली आहेत. डीएसएलआरच्या पोटात लेन्स आणि चित्र टिपणारा सेन्सर यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर फेकतो, तिथला काचेचा पंचकोनी लोलक उलटसुलट झालेले चित्र सरळ करतो आणि ते आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचते. बटण दाबले की हा आरसा उसळून वर जातो, त्याच्या मागे दडलेला दुसरा छोटा आरसा त्याच्याबरोबर दुमडतो, शटरचे दोन पडदे एकामागून एक धावतात आणि आरसा पुन्हा खाली येऊन आपल्या टेकूवर बसतो. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकते. मला ऐकू आलेला खटका बराचसा त्या आरशाच्या वर-खाली आपटण्याचा होता. कॅमेऱ्यात आवाज कमी करण्याची एक सोय होती, पण ती एका मोठ्या खटक्याचे दोन लहान खटके करत असे, आणि आजोबांच्या कानांना दोन्ही ऐकू येत असत.

यातून वाट काढून दिली ती तबलजींनी. तिसऱ्या की चौथ्या बैठकीच्या मध्यंतरात ते सहज म्हणाले, ‘‘ताई, समेवर दाबा ना. तिथे सगळेच आवाज करतात.’’ सल्ला इतका साधा होता की तो आपल्याला सुचला नाही याची लाज वाटावी. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे गाणे येऊन टेकते. विलंबित एकताल बाराच मात्रांचा असला, तरी ठाय लयीत त्याचे एक आवर्तन पाऊण-एक मिनिट सहज घेते. मी ठेका मोजायला शिकले. शेवटचे ‘धागे तिरकिट धी ना’ जवळ येऊ लागले की बोट बटणावर टेकवायचे, अर्धा दाब देऊन फोकस धरायचा आणि ‘धिं’ पडण्याच्या एक केसभर आधी दाबायचे, कारण आरशाला वर जायलाही वेळ लागतो. डग्ग्याचा आघात, श्रोत्यांचा हुंकार आणि माझा खटका एकाच ठिकाणी पडले की तो कोणालाही वेगळा ऐकू येत नसे. म्हणजे मिनिटाला एक फोटो. इतकी काटकसर मी रीळ वापरण्याच्या दिवसांतही केली नसेल.

दहा वर्षे असे समेवरचे फोटो साठत गेले. दरम्यान कॅमेरा एकदा बदलला, पण आरसा होताच. आणि या काळात केव्हातरी माझ्या लक्षात आले की मी शेकडो समा टिपल्या होत्या, पण व्ह्यूफाइंडरमधून पाहिली त्यातली एकही नव्हती. आरसा वर गेला की डोळ्यापुढे अंधार होतो, आणि ज्या क्षणाचा फोटो निघतो तो क्षण नेमका त्या अंधारातच असतो. आवर्तनभर मी गायकाच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत असे आणि समेला माझे डोळे जणू कोणी झाकत असे. आरशाच्या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्या प्रत्येकाची गत हीच असते. त्याने जे टिपले ते त्याने पाहिलेले नसते, आणि जे पाहिले ते आधीचे किंवा नंतरचे असते.

हा अंधार घालवण्याची धडपडही जुनीच आहे. सुरुवातीच्या अशा कॅमेऱ्यांत फोटो काढल्यावर आरसा वरच राही आणि रीळ पुढे सरकवेपर्यंत व्ह्यूफाइंडर काळाच असे. ३५ मिमीच्या रिळावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत जपानच्या आसाही कंपनीने १९५४ साली आपोआप खाली येणारा आरसा आणला. १९६५ साली कॅननने पेलिक्स नावाच्या कॅमेऱ्यात आरसा हलवायचाच नाही असे ठरवून अर्धपारदर्शक पापुद्रा बसवला. तो सुमारे दोन तृतीयांश प्रकाश फिल्मकडे जाऊ देई आणि उरलेला डोळ्याकडे पाठवी. अंधार गेला खरा, पण फिल्म आणि डोळा या दोघांनाही प्रकाश कमी पडू लागला. अशा अर्ध्या-मुर्ध्या तोडग्यांबद्दल मला नेहमीच ममत्व वाटते. आमच्या कारखान्यातही ते रोज निघतात.

मिररलेस कॅमेऱ्याने हा प्रश्न आरसाच काढून टाकून सोडवला. सेन्सरवर पडणारे चित्रच थेट एका इवल्या पडद्यावर दाखवायचे आणि डोळा त्या पडद्याला लावायचा, एवढीच यातली मूळ कल्पना. पॅनासॉनिकने २००८ साली अशी सोय असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा बाजारात आणला, सोनीने २०१३ साली फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरसह तो आणखी पुढे नेला आणि २०१८ साली निकॉन व कॅनन या दोघांनीही फुल-फ्रेम मिररलेस बाजारात उतरवले, तेव्हाच वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते स्पष्ट झाले होते. मी २०२१च्या दिवाळीनंतर घेतला. माझे सगळे कॅमेरे एकाच कंपनीचे आहेत आणि तिचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत. जुना डीएसएलआर बदल्यात द्यावा म्हणून दुकानात घेऊन गेले, तर काउंटरवरच्या मुलाने तो उलटासुलटा करून पाहिला, शटर किती वेळा चालले आहे ते तपासले आणि इतका आकडा सांगितला की त्यात त्या कॅमेऱ्याची पिशवीही आली नसती. ‘‘ताई, याला आता गिऱ्हाईक नाही,’’ तो दिलगिरीच्या सुरात म्हणाला. मी कॅमेरा परत पिशवीत घातला. भावनेपोटी नव्हे, हिशेबापोटी.

नव्या कॅमेऱ्याने माझ्यावर केलेला सर्वांत मोठा उपकार मात्र आवाजाचा नव्हता, फोकसचा होता, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय माझ्यातल्या तपासनिसाला चैन पडणार नाही. डीएसएलआर फोकस मोजतो तो सेन्सरवर नव्हे. मधल्या आरशाचा काही भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, मागचा छोटा आरसा तो तळाकडे वळवतो आणि तळाशी बसवलेले वेगळे उपकरण फोकस ठरवते. म्हणजे लेन्सपासून सेन्सरपर्यंतचा मार्ग आणि लेन्सपासून आरशांवरून वळसा घेऊन त्या उपकरणापर्यंतचा मार्ग हे दोन्ही तंतोतंत सारखे असायला हवेत. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक पडला तरी कॅमेरा प्रामाणिकपणे चुकीच्या जागी फोकस करतो आणि वर ‘झाला’ म्हणून बीप वाजवतो. माझ्याकडची ८५ मिमीची लेन्स एफ १.८वर पूर्ण उघडली, तर दीड मीटरवरच्या माणसाचा जेमतेम तीन सेंटिमीटर जाडीचा भाग रेखीव येतो. एवढ्या जागेत एक तर डोळे मावतात, नाही तर नाकाचे टोक. माझ्या जोडीतला दोष पुढच्या बाजूला होता, त्यामुळे कितीतरी गायिकांच्या नाकातली चमकी हिऱ्यासारखी लखलखीत आणि डोळे धुक्यात, असे फोटो माझ्याकडे आहेत. शेवटी एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पोलादी फूटपट्टी तिरकी टेकवून, एकेका आकड्याने फरक देत मी ती जोडी जुळवली. लेन्स बदलली की आकडा बदले, आणि झूम असेल तर एका टोकाला जुळलेली लेन्स दुसऱ्या टोकाला पुन्हा रुसून बसे.

मिररलेसमध्ये सेन्सर स्वतःच फोकस मोजतो. मोजण्याची जागा आणि चित्र उमटण्याची जागा एकच, त्यामुळे या चुकीला बसायला पाट उरला नाही. शिवाय फोकसचे बिंदू चौकटभर पसरलेले असतात. निकॉनच्या डी७५०मध्ये ५१ बिंदू होते, पण ते सगळे मध्यभागी गोळा झालेले. त्याच कंपनीच्या झेड६मध्ये २७३ आहेत आणि ते जवळजवळ कडेपर्यंत पोहोचतात. आरशाच्या काळातले माझे फोटो पाहिले तर गायकाचा चेहरा बहुतेक वेळा मध्याजवळच सापडतो. तेव्हा ती मला माझी शैली वाटत असे! आता कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो आणि माणूस डोलला तरी त्याला चिकटून राहतो. गायकाचा हात तानेबरोबर चेहऱ्यासमोरून गेला की तो क्षणभर गोंधळतो, आणि पेटीवाल्यांच्या जाड चष्म्यावर चकाकी आली की थोडा अडखळतो, पण त्याच्या चुका मला समजतात. नाकातल्या चमकीच्या चुका समजायला मला तीन वर्षे लागली होती.

व्ह्यूफाइंडरच्या पडद्याची सवय व्हायला मात्र वेळ लागला. काचेतून पाहताना समोरचा माणूसच दिसत असे आणि फोटो कसा येईल हे मनात बांधावे लागे. पांढरा झब्बा, पिवळा दिवा, मागे काळोखी भिंत, तेव्हा प्रकाश मोजणीला न जुमानता पाऊण थांबा (एक थांबा म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कमी ठेवायचा, असे आडाखे अंगवळणी पडले होते. पडद्यावर तो माणूस फोटो होऊनच समोर येतो. झब्बा जास्त उजळला तर तिथे पट्टे चमकतात, रंग पिवळट असला तर पिवळट दिसतो, आणि आडाखा बांधायचे काही उरत नाही. फोटो वाया जाण्याचे प्रमाण एकदम घटले, हे मान्यच केले पाहिजे. पण परवा काही कामासाठी जुना कॅमेरा उचलला तेव्हा माझे पहिले चारही फोटो दोन-दोन थांबे उजळ आले आणि दहा वर्षे कमावलेला अंदाज तीन वर्षांत गंजला हे कळले. शिवाय अंधुक प्रकाशात पडद्यावर रवाळपणा येतो आणि कॅमेरा झटकन फिरवला तर चित्र किंचित रेंगाळते. एकदा मध्यंतरात आजोबांनी (आता आमचे बरे जमते) उत्सुकतेने त्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे गवई हाताच्या अंतरावर बसलेला असताना तू त्याला टीव्हीवर बघतेस.’’ मला उत्तर सुचले नाही.

आणखी एक कबुली द्यायला हवी. आरसा गेल्यामुळे अंधार पूर्ण गेला, असे साध्या मिररलेसमध्ये होत नाही. बटण दाबताच पडद्यावरचे चित्र क्षणभर गोठते किंवा काळे होते, आणि एरवीही ते अगदी किंचित शिळेच असते, कारण सेन्सरवरून पडद्यावर यायला त्याला थोडा अवधी लागतो. अखंड चित्र दाखवणारा सोनीचा ए९ २०१७ साली आला. त्याच्या सेन्सरच्या पाठीलाच वेगवान स्मृती जोडलेली होती. असे कॅमेरे अजूनही माझ्या ऐपतीबाहेर आहेत.

बाहेरच्या कामात नव्या कॅमेऱ्याने मला दोनदा चांगलेच रडवले. पहिल्यांदा विसर्जनाच्या मिरवणुकीत. मानाचे गणपती लक्ष्मी रस्त्यावरून अलका चौकाकडे निघाले होते, गुलालाने हवा गुलाबी झाली होती आणि मी गर्दीतच उभ्या-उभ्या लेन्स बदलली. डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी सेन्सरच्या पुढे आरसा असतो आणि त्याच्या मागे शटरचा बंद पडदा असतो. काही मिररलेस कॅमेरे बंद करताना पडदा ओढून घेतात. माझा घेत नाही. त्याचा सेन्सर उघड्या देव्हाऱ्यासारखा समोर होता आणि त्यावर यथासांग गुलाल उधळला गेला. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आकाशात गुलाबी ठिपके आले, आणि सफाईवाल्याने भिंगातून पाहून ‘मॅडम, हा धूळ नाही, प्रसाद आहे’ असे सुनावले, ते वेगळेच. जेजुरीला भंडाऱ्याच्या दिवशी मी आता एकच लेन्स लावून जाते.

दुसरी फजिती ढोल-ताशा पथकाच्या सरावात झाली. नदीकाठच्या मांडवात मुले-मुली जीव तोडून वाजवत होती, आणि मी केवळ नवलाई म्हणून निःशब्द शटर लावले होते. घरी येऊन पाहते, तो प्रत्येक वादकाच्या हातातले टिपरू कोयत्यासारखे वाकलेले! कारण असे की निःशब्द शटर वापरताना पडदे हलतच नाहीत. सेन्सर एकेक ओळ करून वरून खाली वाचला जातो आणि सर्वसाधारण सेन्सरला त्यासाठी सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत टिपरू अर्धा रस्ता कापून गेलेले असते. यांत्रिक पडदे तेच अंतर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास पार करतात, म्हणून वाकणे दिसत नाही. मांडवातल्या एलईडी दिव्यांनी भर घातली ती निराळीच. ते दिवे डोळ्याला स्थिर वाटले तरी अतिवेगाने लुकलुकत असतात आणि ओळी वाचताना त्या लुकलुकण्याचे काळे-पांढरे पट्टे फोटोवर उमटतात. नाट्यगृहात नवे एलईडी दिवे आले आहेत, तिथेही हा ताप आहेच. अशा जागी मी मुकाट्याने यांत्रिक शटरकडे वळते. आरसा नसल्यामुळे त्याचाही आवाज पूर्वीच्या निम्माच वाटतो.

बॅटरीबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. काचेच्या व्ह्यूफाइंडरला वीज लागत नाही, पडद्याला सतत लागते. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेने ठरवलेल्या मोजणीनुसार निकॉन डी७५० एका बॅटरीवर १,२३० फोटो देतो, तर झेड६ची दुसरी आवृत्ती डोळा पडद्याला लावून सुमारे ३४०. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून जास्त भरतात, पण त्यांच्यातले अंतर खरे आहे. चोवीस तासांहून लांबणाऱ्या मिरवणुकीसाठी पूर्वी मी एक जादा बॅटरी नेत असे, आता तीन नेते. आणि ‘मिररलेस हलका असतो’ हे अर्धेच खरे आहे. बॉडी हलकी होते, पण मोठ्या सेन्सरच्या चांगल्या लेन्सा पूर्वीइतक्याच जड राहतात, आणि खांदा दोघांची बेरीज करतो.

पक्ष्यांच्या बाबतीत मी बोलू नये, कारण माझा कॅमेरा प्राण्यांचे डोळे ओळखतो म्हणजे कुत्र्या-मांजरांचे ओळखतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर एका मित्राच्या कॅननने पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या नदीसुरयाचा डोळा नुसता धरून ठेवलेला पाहिला आणि त्या दिवशी मी रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो काढण्यातच समाधान मानले. रोहित निदान संथ चालतात.

एक अनपेक्षित लाभ मात्र झाला. आरशाला जागा लागत असल्यामुळे डीएसएलआरमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून दूर असे. निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी होते, नव्यात ते १६ मिमी आहे. मधल्या मोकळ्या जागेत अ‍ॅडाप्टरची कडी बसवली की जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स लावता येते. मुंबईच्या बोरा बाजारातून कधीकाळी घेतलेली, हाताने फिरवून फोकस करायची एक ५० मिमी लेन्स पंधरा वर्षे कपाटात पडून होती. ती आता पडद्यावर चित्र मोठे करून अचूक फोकस करता येते आणि बैठकीत मी पुष्कळदा तीच लावते. याउलट, माझ्याच कंपनीच्या ज्या जुन्या लेन्सांत मोटर नाही, त्या तिच्याच अधिकृत अ‍ॅडाप्टरवर स्वतः फोकस करत नाहीत. परक्यांनी जुळवून घेतले आणि घरच्यांनी पाठ फिरवली, एवढेच यावर म्हणता येईल.

आता पुन्हा माडीवर. निःशब्द शटर लावून मी पहिल्यांदा बैठकीला बसले, तेव्हा दीड तासात चारशे फोटो काढले आणि आजोबांनी एकदाही मान वळवली नाही. समेची वाट पाहण्याचे कारणच उरले नव्हते. षड्ज लावताना, आलाप शोधताना, सूर लागेना म्हणून कपाळाला आठ्या पडताना, तानपुऱ्याकडे अविश्वासाने पाहताना, पाण्याचा पेला हातात घेऊन तो प्यायचे विसरताना, असे कधीच न टिपलेले गवई त्या रात्री माझ्या संगणकावर उतरले. जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले तेव्हा मला थोडा धक्का बसला. दहा वर्षांच्या माझ्या संग्रहात सगळे गवई एकजात विजयी होते. हात उंचावलेले, डोळे उघडलेले, चेहऱ्यावर ‘आलो’ अशी तृप्ती. कारण ते सगळे समेवर होते. खयाल म्हणजे जणू समांचीच माळ, असा कोणाचाही समज व्हावा. मधली अकरा मात्रांची वणवण माझ्याकडे नोंदलेलीच नव्हती, आणि ती नोंदली गेली नाही यात माझ्या दृष्टीपेक्षा एका आरशाच्या आवाजाचा वाटा मोठा होता.

हे नवे फोटो मी मोठ्या उत्साहाने लोकांना दाखवत सुटले. बहुतेकांना आवडले. मग एका ज्येष्ठ गायिकेला, त्यांच्याच बैठकीनंतर आठवड्याभराने, छापलेला एक फोटो नेऊन दिला. ओठ किंचित वाकडे, डोळे घट्ट मिटलेले, मान एका बाजूला कललेली, अंतऱ्याच्या वाटेवर कुठेतरी अडकलेला चेहरा. माझ्या मते तो मी काढलेला सर्वांत चांगला फोटो होता. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. ‘‘हा माझा रियाजाचा चेहरा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा मी कोणाला दाखवत नाही. तुला कसा दिसला?’’ मी यंत्राची माहिती सांगू लागले, आरसा, पडदे, सेन्सर. त्यांनी हाताने थांबवले. ‘‘ते असू दे. पूर्वी तुझा कॅमेरा वाजायचा, तेव्हा कळायचे तरी, की तू आहेस.’’ फोटो त्यांनी परत दिला नाही, आणि कुठे लावू नकोस असेही बजावले.

त्या वाजण्याला त्रास समजून मी दहा वर्षे तो लपवत आले होते. तो कोणाला सोबतीसारखा वाटत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. नंतर आठवले की मंडईतही असाच प्रकार झाला होता. भाजीच्या गाळ्यावरच्या एका मावशींनी फोटोला परवानगी दिली, पदर सारखा केला, हातात मेथीची जुडी धरून त्या ताठ बसल्या आणि तशाच बसून राहिल्या. मी तीन-चार फोटो काढून कॅमेरा खाली घेतला तरी त्या हलेनात. ‘‘काढ की गं लवकर, गिऱ्हाईक उभं हाय.’’ मी म्हटले, झाला मावशी. ‘‘आवाज कुठं आला?’’ त्यांच्या लेखी फोटो अजून निघालेलाच नव्हता आणि मी त्यांना फसवत होते. मी शटर बदलून पुन्हा एक काढला. खटका झाला तशा त्या ताबडतोब सैल झाल्या आणि जुडी गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडली.

जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या मोबाइल फोनवर फोटो काढताना आवाज होतोच, तो बंद करता येत नाही, अशी तिथली जुनी रीत आहे आणि ती चोरून फोटो काढणाऱ्यांमुळेच आली. निकॉनच्या २०२१च्या झेड९मध्ये यांत्रिक शटर मुळी नाहीच, तरी त्यात एक छोटा स्पीकर आहे आणि तो हवा तर शटरचा आवाज काढून दाखवतो. पूर्वी मला हे हास्यास्पद वाटले असते. पोटात काही हलत नसताना हलल्याचा आवाज काढणे म्हणजे बंद गिरणीने भोंगा वाजवण्यासारखे आहे. पण मंडईतल्या मावशींना तो भोंगा चालला असता.

बैठकीत मात्र स्पीकरचा आवाज काढण्याचे धाडस मला झाले नाही. आता मी गाणाऱ्याला आधी विचारते. कोणी म्हणतात, काढा हवे तेव्हा. कोणी म्हणतात, आलाप सोडून. एका तरुण गायकाने तर मधल्या वणवणीचेच फोटो मागून घेतले आणि ते पाहून स्वतःची मान सुधारली. त्या ज्येष्ठ गायिका या वर्षी पुन्हा गायला आल्या, तेव्हा जिना चढून श्वास घेतल्या घेतल्या त्यांनी विचारले, ‘‘तो वाजणारा आणला आहेस का?’’ दुकानदाराने न घेतलेला कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मिररलेस मी खाली ठेवला.

विलंबित एकताल सुरू झाला. बऱ्याच दिवसांनी मी पुन्हा मात्रा मोजू लागले, आणि पहिल्या दोन समा चुकल्या. एकदा लवकर दाबले गेले, एकदा दाबलेच गेले नाही. खिडकीबाहेर पाऊस लागला होता. तिसऱ्या आवर्तनात धागे तिरकिट आले, धी ना आले, मी केसभर आधी दाबले, डोळ्यापुढे अंधार झाला आणि धिंवर खटका अचूक पडला. पुढच्या रांगेतून आजोबांचे मोठ्याने ‘वा!’ आले. ते कोणाला होते हे मी मध्यंतरात विचारले नाही.